बाळाच्या सीबीसीवर मोठ्यांची रेंज का छापता?

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात पावसाळ्यात मुलांची इम्युनिटी कशी वाढवायची यावर अर्धं पान आलं होतं. हळद-दूध, तुळशीचा काढा, च्यवनप्राश, बाहेरचं खाऊ देऊ नका, सगळं नेहमीचंच, आणि तसं त्यात चुकीचं काही नाही, माझी आई पण तेच सांगते. पण शेवटी एक ओळ होती की मूल सारखं आजारी पडत असेल तर टेन्शन घेऊ नका, मोठं झालं की आपोआप ताकद येते. ती ओळ वाचली आणि माझा चहा तसाच राहिला. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरं असतं हो, पण ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत ते खरं नसतं त्यांना अशी एक ओळ फार महाग पडते. आमच्या घरात पडलीय, म्हणून लिहितेय.

मी भांडुपला राहते. गेली बावीस वर्षं एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्त काढायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट टाइप करायचा, सरांची सही घ्यायची, एवढंच माझं काम. डॉक्टर नाही मी. आणि पत्र फोनवर टाइप करतेय त्यामुळे शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघून घ्या.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला. पहिली मुलगी पाच वर्षांची, त्यावर हा मुलगा, त्यामुळे दोन्ही घरात नुसता आनंद. वजन दोन किलो नऊशे, डिस्चार्जच्या आधी बीसीजी, पोलिओचे थेंब, कावीळचं इंजेक्शन सगळं रीतसर झालं. दोन महिने झाले आणि त्याच्या जिभेवर पांढरं दिसायला लागलं. आम्हाला वाटलं दूध साचलंय. आई ओल्या फडक्याने पुसायची, पुसलं की खाली लाल आणि दुसऱ्या दिवशी परत तसंच. डॉक्टरांनी थेंब दिले, थेंब असेपर्यंत बरं, बंद केले की परत. मग शी पातळ व्हायला लागली. बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या दात येतायत. आता दोन महिन्यांच्या पोराला कसले दात, पण तेव्हा मी पण मान हलवली, घरात एवढी मोठी माणसं असताना आपण कुठे बोलायचं. मीठ-मोहरी ओवाळून झाली, काळा टिका लावून झाला, बाळगुटी झाली. पण पोर बाळसंच धरेना. कार्डावर वजनाची रेघ बघितली तर दुसऱ्या महिन्यात चार किलो शंभर आणि चौथ्या महिन्यात चार किलो तीनशे. दोन महिन्यांत दोनशे ग्रॅम! ती रेघ आडवी झाली होती आणि आम्ही कार्ड फक्त पुढच्या लसीची तारीख बघायला उघडत होतो.

चौथ्या महिन्यात न्यूमोनिया झाला. जवळच्या नर्सिंग होममध्ये आठ दिवस ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक, घरी आलो, पाच दिवस बरे गेले आणि परत धाप.

आता खरी गोष्ट सांगते. त्या पहिल्या ॲडमिशनचा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची साधी तपासणी, आमच्याच लॅबला आला होता आणि तो मीच लावला. जांभळ्या टोपणाची छोटी ट्यूब, त्यात मोजून अर्धा एमएल रक्त, भाच्याचं नाव बघून मी दोनदा रन केला. पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट ८,२००, त्यात न्यूट्रोफिल ८०, लिंफोसाइट १४ टक्के, हे दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार. टक्क्याच्या पुढे बारीक एल आला होता म्हणजे लो, पण त्याच्या खाली लिंफोसाइटचा ॲब्सोल्यूट काउंट, म्हणजे टक्का नाही तर प्रत्यक्ष आकडा, होता ११४८ आणि त्याच्यापुढे काहीच खूण नाही, स्वच्छ, कारण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉर्मलची रेंज भरलेली होती १००० ते ३०००. सरांनी सही केली. नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले न्यूट्रोफिल वाढलेत, बॅक्टेरियल दिसतंय, अँटिबायोटिक चालू ठेवू. मलाही तेच वाटलं. कोणालाच काही खटकलं नाही.

पण १००० ते ३००० ही रेंज मोठ्या माणसांची आहे हो. तान्ह्या बाळात गणित उलटं असतं, न्यूट्रोफिल कमी आणि लिंफोसाइट जास्त, निम्म्याच्या वर लिंफोसाइटच. चार महिन्यांच्या बाळाचा ॲब्सोल्यूट काउंट चार हजार, सहा हजार, कधी दहा हजारही असतो आणि तीन हजारांच्या खाली गेला तर थांबून विचार करायला पाहिजे. इन्फेक्शनमध्ये तात्पुरता खाली जातो, म्हणून परत करून बघायचा, परत पण खालीच असेल तर मुलांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. हे मला डीएमएलटीला, म्हणजे टेक्निशियनच्या कोर्सला, शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलं पण होतं. बावीस वर्षं रोज मोठ्यांचे रिपोर्ट काढून काढून डोक्यातून गेलं आणि मशीनला तर वय माहीतच नव्हतं. वयाच्या रकान्यात मी ४ मंथ्स टाइप केलं होतं, रिपोर्टवर ठळक छापून आलं होतं, आणि त्याच कागदावर खाली रेंज चाळीस वर्षांच्या माणसाची.

ते पकडलं एका रेसिडेंट डॉक्टरने. दुसऱ्यांदा धाप लागली तेव्हा बाळाला रात्री परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ती डॉक्टर मुलगी असेल सत्तावीस-अठ्ठावीसची, केस कसेतरी बांधलेले, सकाळपासून जेवली नसावी. तिने आमची सगळी फाइल कॉटवर पसरली, एकेक कागद बघितला आणि माझ्या त्या ११४८ भोवती पेनाने गोल केला. मग बाळाचा डावा हात वर करून काखेत बोट फिरवलं. बोराएवढी गाठ होती. आम्हाला माहीत होती, आम्ही उष्णतेची समजत होतो. बीसीजी डाव्या दंडाला देतात ना, त्याच्याच बाजूची गाठ. अशी गाठ चांगल्या धडधाकट बाळांना पण कधी कधी येते आणि आपली आपण बसते, म्हणून उगाच कोणी घाबरू नका, पण बारीक होत चाललेलं बाळ आणि वर ही गाठ म्हणजे वेगळी गोष्ट. मग तिने छातीचा एक्स-रे खिडकीकडे धरला. तान्ह्या बाळाच्या हृदयाच्या वर थायमस नावाच्या ग्रंथीची सावली दिसते, आमच्या पोराच्या एक्स-रेत तिथे काहीच नव्हतं.

आणि मग तिने जे विचारलं ते आजपर्यंत आम्हाला कोणीच विचारलं नव्हतं. "आईला भाऊ किती? कोणी मुलगा लहानपणीच गेलाय का?"

माझी आई बाकावर बसली होती. ती खाली बघायला लागली.

आम्हाला एक भाऊ होता. १९८६ सालची गोष्ट, संगमेश्वरकडे गावाला, मी सात वर्षांची होते, बहिणीचा तर जन्म पण नव्हता. सात महिन्यांचा असताना गेला. तोंडात पांढरं, जुलाब, खोकला, अंगात काही राहिलंच नव्हतं, सगळं तेच. गावात कोणी म्हणालं सटवीचं काम, कोणी म्हणालं बाहेरची बाधा, देवळात कौल लावून झाला. मग त्याचा विषय घरात कधी निघाला नाही. बहिणीला तर लग्न झाल्यावर कळलं की तिच्या आधी एक भाऊ होऊन गेला होता. बाळंतपणाच्या वेळी हॉस्पिटलात फॉर्म भरताना घरात कोणाला आजार? तर आम्ही सांगितलं शुगर आणि बीपी. सात महिन्यांत गेलेलं पोर हा काय आजार थोडाच असतो, ते नशीब असतं, असंच आपण धरून चालतो.

भाच्याच्या रक्ताचा नमुना एनआयआयएचला गेला, म्हणजे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, परळच्या केईएम हॉस्पिटलच्या आवारातच आहे. मी इतकी वर्षं त्याच रस्त्याने लॅबचं सामान आणायला जायची, आत काय चालतं ते माहीत नव्हतं. तिथे फ्लो सायटोमेट्री झाली, म्हणजे पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजायची टेस्ट. टी सेल, म्हणजे थायमसमध्ये तयार होणारे लिंफोसाइट, जवळजवळ नाहीतच. आजाराचं नाव सिव्हिअर कम्बाइंड इम्युनोडेफिशियन्सी, सगळे स्किड म्हणतात. प्रायमरी इम्यून डेफिशियन्सी म्हणजे जन्मतःच प्रतिकारशक्तीच्या यंत्रणेतला एखादा भाग नसणं किंवा नीट न चालणं, त्याचे आता साडेचारशेच्या वर प्रकार माहीत झालेत आणि हा त्यातला सगळ्यात वाईटांपैकी एक.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या कारण नावात इम्युनोडेफिशियन्सी आलं की लोकांच्या डोळ्यापुढे एकच आजार येतो. आमच्या बिल्डिंगमध्ये आला. एका बाईने तर माझ्या भाचीला खेळायला घेणं बंद केलं. एड्समध्ये बाहेरून विषाणू येतो आणि नंतर प्रतिकारशक्ती जाते. हे जन्माचं आहे, जीन्समधलं, दुसऱ्याला लागत नाही. उलट दुसऱ्याची सर्दी ह्याला लागली तर ह्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणजे घाबरायचं असेल तर आम्ही तुम्हाला घाबरायला पाहिजे.

स्किड सोडून बाकीचे बरेच प्रकार हळूहळू दिसतात आणि तेच जास्त निसटतात. अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी रक्तातली प्रोटीन, न बनणाऱ्या मुलांचं बघा. आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळात आलेल्या असतात, त्या साधारण सहा महिने पुरतात, म्हणून पहिले सहा महिने बाळ एकदम छान आणि मग कान वाहणं, सायनस, न्यूमोनिया, एक संपला की दुसरा. घरचे म्हणतात वरचं अन्न सुरू केलं तेव्हापासून हे सुरू झालं, आणि गंमत म्हणजे वेळ बरोबर तीच असते, कारण मात्र वेगळंच. हा आजार पहिल्यांदा ओळखला तो १९५२ साली अमेरिकेत, ब्रूटन नावाचे आर्मीतले डॉक्टर होते, त्यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा परत परत इन्फेक्शन घेऊन यायचा. त्यांनी रक्तातल्या प्रोटीनचं इलेक्ट्रोफोरेसिस केलं, म्हणजे प्रोटीन वेगवेगळी करून आलेख काढला, तर त्यावर गॅमा ग्लोब्युलिनचा, म्हणजे अँटिबॉडी ज्यात असतात त्याचा, जो उंचवटा असतो तोच गायब. बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन दिलं आणि पोराची इन्फेक्शन थांबली. मला ही गोष्ट भारी आवडते कारण आजार पकडला तो लॅबच्या एका कागदावर, नसलेल्या एका उंचवट्यावरून. आपल्याकडे पण अशी खूण रोज कागदावर येत असते. लिव्हर फंक्शनच्या रिपोर्टमध्ये टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन असतं, त्यांच्यातला फरक म्हणजे ग्लोब्युलिन, तो आकडा फार कमी असेल तर विचारायला पाहिजे, पण तिकडे कोण बघतं, सगळे बिलिरुबिन आणि एसजीपीटी बघून कागद घडी करतात. आणि अजून एक, ज्या मुलाचं शरीर अँटिबॉडीच बनवत नाही त्याच्या अँटिबॉडीवर चालणाऱ्या टेस्ट, टायफॉइडची विडाल म्हणा नाहीतर एचआयव्हीची साधी टेस्ट म्हणा, निगेटिव्ह आल्या तरी त्याच्यावर विसंबता येत नाही.

अजून एक प्रकार आहे ज्यात पांढऱ्या पेशी असतात पण गिळलेला जंतू त्यांना मारता येत नाही, त्या मुलांना गळवं येतात, साधी नाही, खोल, लिव्हरमध्ये सुद्धा, मानेच्या गाठी पिकतात, चिरा देऊन झाल्या तरी परत. त्याला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात, रक्तावरच्या डीएचआर नावाच्या टेस्टमध्ये कळतो. आणि एका प्रकारात पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर पडून जखमेपर्यंत पोचताच येत नाही, तिथे उलट पू होतच नाही आणि बाळाची नाळ लवकर पडत नाही. नाळ कधी पडली हे आपल्याकडे आज्यांना तोंडपाठ असतं, तीन-चार आठवडे होऊन गेले तरी पडली नसेल आणि बेंबी लाल असेल तर आजीचं ऐका आणि डॉक्टरांना तो आकडा सांगा.

साध्या भाषेत सांगायचं तर, वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणारं, बालवाडीच्या पहिल्या वर्षी त्याहून जास्त वेळा होणारं पण मध्ये मध्ये ठणठणीत होऊन धुमाकूळ घालणारं आणि वजन-उंची वाढत असलेलं मूल, त्याला काही नाही, त्याला खरंच हळद-दूध द्या नाहीतर नका देऊ. ज्याला वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, चार-चार वेळा कान वाहिले, दोन महिने अँटिबायोटिक खाऊनही फरक नाही, दरवेळी सलाईन आणि शिरेतल्या इंजेक्शनशिवाय उतरतच नाही, एक वर्ष उलटलं तरी तोंडातलं पांढरं जात नाही, बाळसं धरत नाही, किंवा ज्याच्या घरात असंच कोणीतरी लहानपणी गेलंय, त्याला इम्युनिटीचं सिरप देऊन दिवस घालवू नका. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी डॉक्टरांना सरळ विचारा की प्रतिकारशक्तीची तपासणी करायची का. विचारायला पैसे पडत नाहीत.

मुंबईत याच्यात अजून एक घोळ आहे तो टीबीचा. आपल्याकडे टीबी आहेच, भरपूर आहे, त्यामुळे मूल खोकतंय आणि वजन वाढत नाही म्हटलं की प्रायमरी कॉम्प्लेक्स, म्हणजे लहान मुलांचा टीबी, आहे म्हणतात आणि एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण आमच्या लॅबला एक मुलगा यायचा त्याचं एकेटी दोनदा झालं होतं आणि तिसऱ्यांदा चाललं होतं, त्याची आई मला विचारायची ताई ह्याला सारखा सारखा टीबी कसा होतो हो? मी सांगायची हवा खराब आहे, गर्दी आहे, ट्रेनने आणता ना. आज तिने विचारलं तर मी वेगळं उत्तर देईन. ती आता येत नाही, खोली बदलून कुठे गेली काय माहीत.

लसींबद्दल पण बोलते नाहीतर लोक माझंच पत्र दाखवून लस टाळतील. लसी द्यायच्याच, सगळ्या, वेळेवर. फक्त बीसीजी, तोंडाने देतात ते पोलिओ आणि रोटाव्हायरसचे थेंब, गोवर-रुबेला, ह्या जिवंत जंतू कमजोर करून बनवलेल्या लसी आहेत आणि स्किडच्या बाळाला तेवढा कमजोर जंतूही झेपत नाही. भाच्याच्या काखेत बीसीजीच वाढत होता. म्हणून घरात असं बाळ आधी गेलं असेल तर पुढच्या बाळंतपणाच्या आधीच डॉक्टरांना सांगा, म्हणजे बीसीजी थांबवून आधी रक्त तपासता येईल. बीसीजी जन्मल्या जन्मल्या देतात, त्यामुळे नंतर आठवून उपयोग नाही.

उपचार आहे हे ऐकून आम्हाला धक्काच बसला होता कारण आम्ही मनात सगळं संपवून बसलो होतो. स्किडला बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात, १९६८ पासून करतायत. सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक. आमच्या भाचीचं जुळलं. तिला सांगितलं की बाळाला तुझं थोडं रक्त द्यायचंय तर म्हणाली, मग तो मला परत कधी देणार? वेळेचं महत्त्व किती ते सांगते, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांनी २०१४ मध्ये आकडे छापले होते, साडेतीन महिन्यांच्या आत ट्रान्सप्लांट झालेल्या स्किडच्या बाळांपैकी ९४ टक्के वाचली, आणि ज्यांना उशिरा झाला आणि त्या वेळी अंगात इन्फेक्शन चालू होतं त्यांच्यातली निम्मीच. आमचा पठ्ठा सात महिन्यांचा होता आणि इन्फेक्शन आटोक्यात आणायलाच आठ आठवडे गेले. वाचला. पण त्याच्या बी सेल, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, अजून नीट काम करत नाहीत म्हणून दर महिन्याला आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून तयार अँटिबॉडी, लावायला जातो, हजारो लोकांनी दिलेल्या प्लाझ्मातून एकेक बॅच बनते ती. गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं तेव्हा मी आता डीजेबद्दल तक्रार करत नाही.

खर्चाचं विचाराल तर, केंद्राचं दुर्मिळ आजारांचं धोरण आहे २०२१ चं, त्यात स्किड, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस असे ट्रान्सप्लांटने बरे होणारे आजार पण आहेत, २०२२ पासून पेशंटमागे पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि ती ठरवून दिलेल्या सेंटरमार्फत मिळते, मुंबईत केईएम त्या यादीत आहे. कागदपत्रांना धीर लागतो एवढंच सांगते. आणि वाडियासारख्या मुलांच्या हॉस्पिटलात या आजारांसाठी वेगळे डॉक्टर आहेत, सगळं परळच्या एका चौरस किलोमीटरमध्ये, अख्ख्या महाराष्ट्रातले लोक तिथे येऊन फुटपाथवर राहतात आणि आपण मुंबईकर शेजारून बसने जातो.

अमेरिकेत जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब कागदावर घेतात, त्यातून स्किडची चाळणी होते, विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये सुरू केली आणि नंतर सगळीकडे गेली. आपल्या सरकारी प्रसूतिगृहात ही टेस्ट सरसकट होत नाही. व्हायला पाहिजे, पण ते माझ्या हातात नाही आणि त्यासाठी मोठी माणसं भांडतील. माझ्या हातात आहे ती सीबीसी.

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती सरकारकडे नाही, लॅबवाल्यांकडे आहे, गल्लीतल्या आणि त्या एसीवाल्या चेनच्या पण. दोन वर्षांखालच्या मुलाच्या सीबीसीवर त्याच्या वयाची रेंज छापा. लिंफोसाइटचा नुसता टक्का नको, ॲब्सोल्यूट आकडा पण द्या आणि तो कमी असेल तर त्याच्यापुढे खूण येऊ दे. यात नवीन मशीन लागत नाही, नवीन केमिकल लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये वयाप्रमाणे रेंज भरायची सोय बहुतेक ठिकाणी असतेच, कोणी भरत नाही एवढंच. मी आमच्या सरांना सांगितलं तेव्हा ते आधी म्हणाले कशाला, डॉक्टरांना कळतं की. मी भाच्याचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला, त्यांची सही असलेला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले रविवारी बसून करून टाक. एका दुपारचं काम होतं. त्यानंतर तीनदा असं झालं की बाळाचा आकडा खाली आला आणि मी स्वतः डॉक्टरांना फोन केला. दोनदा परत केल्यावर नॉर्मल आला, नुसतं व्हायरल होतं, एक डॉक्टर तर थोडे वैतागले पण, की घरच्यांना उगाच घाबरवलंत. वैतागू देत. तिसरं बाळ पुढे पाठवलंय.

घरचं थोडं राहिलं. भाच्याला झालेल्या स्किडच्या प्रकाराची बिघडलेली जीन आईकडून येते, आईला स्वतःला काही होत नाही पण प्रत्येक मुलग्याला तो आजार यायची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलीला आईसारखीच कॅरियर, म्हणजे आजार नाही पण जीन आहे अशी, असायची निम्मी. बहिणीच्या सासरी हे कळल्यावर लगेच तुमच्याकडचा दोष वगैरे झालं, मावश्या-आत्या सगळ्यांनी बोलून घेतलं. नशीब की तिचा नवरा चांगला आहे, त्याने एका वाक्यात सगळ्यांना गप्प केलं, पोर माझं आहे म्हणाला. मी माझी पण टेस्ट केली. मी कॅरियर निघाले. मला एकच मुलगी आहे, पूर्वी सासू मुलगा हवा मुलगा हवा म्हणून मागे लागायच्या आणि मी रडायची, आता काय बोलू. मुलगी एकोणीसची आहे, तिला सगळं सांगितलंय, ती म्हणाली परीक्षा होऊ दे मग टेस्ट करू. तिचं रक्त, तिची मर्जी. फक्त लग्नाचं बघायला लागलो की हे झाकून ठेवायचं नाही एवढं मी आणि मिस्टरांनी ठरवलंय. आमच्या आईने तिच्या मुलाचं सगळं पोटात ठेवलं, तिला कोण काय म्हणणार, पण तेच दुसऱ्यांदा नको.

सोबत आमच्या लॅबमधल्या वयाप्रमाणे रेंजच्या तक्त्याची झेरॉक्स जोडलीय. जागा असेल तर छापा, नसेल तर ऑफिसात ठेवा आणि कोणी लॅबवाला मागायला आला तर द्या. पण त्यांना सांगा की आपल्या पॅथॉलॉजिस्टकडून आणि आपल्या मशीनवर तपासून मगच भरा, मी टेक्निशियन आहे, सही माझी नसते.

आपली,
एक वाचक
भांडुप, मुंबई